शब्दचर्चा : युद्धबंदी, शस्त्रसंधी, हताहत

सातारा (प्रश्न) :
१० मे २०२५ च्या संध्याकाळी भारत-पाकिस्तानमधली लढाई थांबल्याच्या एकाच बातमीला वाहिन्यांवर शस्त्रसंधी, युद्धविराम, युद्धबंदी असे तीन शब्द वापरले जात होते. आई विचारत होती, "म्हणजे संपलं का?" परराष्ट्र सचिवांनी सांगितलं होतं ते इतकंच, की संध्याकाळी पाचपासून दोन्ही बाजू जमिनीवरचा, हवेतला आणि समुद्रातला गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवतील. १२ तारखेच्या भाषणात पंतप्रधान म्हणाले, कारवाई फक्त स्थगित केली आहे. मग याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मिरज :
'युद्धबंदी' जपून वापरावा. दारूबंदीसारखा घेतला तर तो स्त्रीलिंगी, अर्थ लढाई थांबणं. 'युद्धातला बंदी' असा फोडला तर पुल्लिंगी, अर्थ कैदी. 'युद्धबंदी झाली' आणि 'युद्धबंदी झाले' यांत फरक फक्त क्रियापदाचा, आणि मथळ्यात नेमकं क्रियापदच गाळलेलं असतं. १९७१ साली तर दोन्ही एका दिवसाच्या अंतराने घडलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार युद्धबंदी भारताच्या ताब्यात आले. १७ तारखेला पश्चिम आघाडीवर युद्धबंदी झाली. कैद्यांना युद्धकैदी म्हणावं, म्हणजे घोळच उरत नाही.
शस्त्रसंधीत हत्यारं थांबतात, भांडण मिटलेलं नसतं. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, तह अजून झालेला नाही. तहाला कलमं असतात, देणंघेणं असतं. पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, म्हणून तर 'युद्धात जिंकले, तहात हरले' असं आपण म्हणतो. मे महिन्यात झालं ते तह नव्हे. 'लष्करी कारवाई थांबवण्यावर सहमती' हे लांबलचक आहे, पण खरं आहे.

सातारा :
आईंना हे असंच सांगते. आभार, सर.

अपशिंगे मिलिटरी :
माझं माहेर इथलं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. आजही घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे. त्यामुळे मला 'हताहत' या शब्दाबद्दल बोलायचंय. हत म्हणजे मारला गेलेला, आहत म्हणजे जखमी; दोन्ही मिळून हताहत. पण पट्टीवर 'इतके हताहत' आलं की पाहणारी बाई तो आकडा मेलेल्यांचाच समजते. इंग्रजीतल्या 'कॅज्युअल्टी'मध्ये ठार, जखमी, बेपत्ता, पकडलेले सगळेच येतात, आणि मराठीत येता येता त्याचं सरळ 'ठार' होतं. मुलगा सीमेवर, फोन लागत नाही, सून सारखी टीव्हीसमोर. अशा घरात हा एक शब्द रात्रभर झोपू देत नाही. मृत इतके, जखमी इतके असं वेगळं लिहायला किती जागा लागते? आकडा कळला नसेल तर तसं लिहा. आणि समोरच्या सैन्याने नुसतं सांगितलेलं असेल तर 'दावा' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला घ्या. शेवटी टाकला तर तिथवर कुणी वाचत नाही.

वाई :
ताईंशी पूर्ण सहमत. 'कामी आले' हा प्रयोग वर्तमानपत्रात परत यायला हवा.

सांगली :
एक भर घालतो. पाकिस्तानबरोबरची ती नियंत्रण रेषा. १९७२ च्या सिमला करारानंतर ती जुन्या युद्धबंदी रेषेच्या जागी आली. चीनबरोबरची ती प्रत्यक्ष नियंत्रण रेषा. पूंछमधल्या गोळ्यांच्या बातम्यांतही 'प्रत्यक्ष' शब्द घुसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, लडाखमध्येही काही सुरू झालं.