ई-क्लासवर पवन्या परत आणायचाय, चराई कधी थांबवावी?

नमस्कार मंडळी,
आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, कारंज्याच्या बाजूला. गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, 40 एकर, बहुतेक मुरमाड बरड, मधून काळ्या मातीची एक पट्टी. लहानपणी बरडावर मांडीएवढा पवन्या आणि काळ्या पट्टीत मारवेल, ही चाऱ्याची गवतं पाहिलीत. आता पावसाळ्यात लांबून हिरवंगार दिसतं, जवळ गेलं की नुसता तरोटा, म्हणजे टाकळ्याचं तण. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. राहिलं कुसळी गवत, ते कोवळं असेपर्यंत खातात. बी धरलं की त्याची कुसळं मेंढ्यांच्या तोंडात रुततात.

मला वाटतं, खरं नुकसान चराईच्या वेळेनं होतंय. मृगाचा पाऊस पडून कोंब दोन बोटं वर येत नाहीत तोच ढोरकी (गुराखी) आखरावरून, म्हणजे ढोरं गोळा होतात त्या जागेवरून, सगळी ढोरं तिकडे नेतो. पवन्या, मारवेल ही वर्षानुवर्षं टिकणारी गवतं, मुळात साठवलेल्या अन्नावर पहिली पाती काढतात. तीच पुन्हा पुन्हा खुडली की मुळं खुरटतात, ठोंब मरतो आणि मोकळ्या जागेत तरोटा माजतो.

मागच्या आठवड्यात तेलाच्या डब्याचं बूड कापून तो बरडावरच दोन ठिकाणी ठोकला, एकेक लोटा पाणी ओतलं. स्मशानभूमीच्या कुंपणात पाणी बघता बघता मुरलं. बाहेर ढोरवाटेवर 20 मिनिटांनीही अर्धं तसंच उभं होतं. खुरांनी माती इतकी दाबली गेलीय!

त्या कुंपणात पवन्या अजून टिकून आहे. पण कुणी कापत नाही, चारत नाही, म्हणून जुनं वाळकं गवत ठोंबांवर दाटलंय. गेल्या पावसाळ्यात नवे कोंब विरळच होते. त्यामुळे कायमची चराईबंदी मला पटत नाही. शिवाय ज्यांना वावर नाही, त्यांच्या बकऱ्या जातील कुठे?

माझा विचार असा: तीन भाग करायचे. दरवर्षी एक भाग पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत बंद. मग विळ्यानं कापणी, नंतर ढोरं. काळ्या पट्टीत ओल असेपर्यंत कुणीच नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. उघड्या पडलेल्या बरडाला एका पावसाळ्याची विश्रांती पुरते का? मारवेलाचे ठोंब लावावेत की बी फेकावं? तरोटा फुलण्याआधी उपटला तर किती वर्षं उपटावा लागतो? आणि बंद भागात बकऱ्या शिरू नयेत म्हणून तारेच्या कुंपणाशिवाय काय केलंत? मे महिन्यात ग्रामसभा आहे, त्याआधी उत्तरं मिळाली तर तिथे मांडता येतील.