सी-३०२ च्या स्विफ्टचं नक्की काय चाललंय?

सोसायटीचा ग्रुप, शनिवार, संध्याकाळ

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. सी-३०२ च्या पार्किंगमध्ये पांढरी स्विफ्ट चाकं काढून उभी आहे. मागची सीट, कार्पेट, स्टेपनी जिन्याखाली ठेवलंय. संबंधितांनी खुलासा करावा ही विनंती.

वहिनी बी-२०३: आणि दुपारी ग्राइंडर चालतो. बाळ आत्ता कुठं दुपारचं झोपायला लागलंय.

विकी सी-१०४: भावा गाडी भंगारात काढलीस काय

रोहन सी-३०२: नमस्कार काका. वहिनी, सॉरी, दुपारी परत नाही लावणार. गाडी भंगारात नाही. बाबांची २००६ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल. घरात नवीन गाडी आल्यापासून उभीच होती आणि एक्स्चेंजला कोणी धड किंमत देईना. म्हणून तिला ट्रॅक-डेसाठी तयार करतोय. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नाही. बंद सर्किटवर पैसे भरून आपलीच गाडी पळवायची, नंबर-बिंबर काही नसतो.

रोहनची आई: मला सर्व्हिसिंग करतोय म्हणाला

विकी सी-१०४: विषय संपला 

पाटील सर बी-१०१: असं सर्किट कोल्हापुरात कुठे आहे? पुणे-बेंगलोर हायवेला सर्किट समजू नये म्हणजे मिळवली.

रोहन सी-३०२: हायवेवर अजिबात नाही सर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किमीचं आहे. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, २.१ किमी. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५ किमीच्या वर आहे, पण ते लांब पडतं.

विकी सी-१०४: आणि चेन्नई जवळ होय. तिकडं जाऊन यायलाच दोन हजार किमी होतात, पळवणार किती?

रोहन सी-३०२: साधारण १५-२० मिनिटांची सेशन्स असतात, दिवसात चार-पाच.

विकी सी-१०४: नाद खुळा. पण नवीन काय नाही, ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे रेसर आपल्या कोल्हापूरचेच की

पाटील सर बी-१०१: ते रीतसर शिकून गेले. स्टिल्ट पार्किंगमध्ये ग्राइंडर घेऊन नव्हे.

रोहन सी-३०२: प्लॅन टाकतो म्हणजे सगळ्यांना कळेल. मागची सीट, कार्पेट, खालचे डांबराचे पॅड काढून वजन कमी करणे. अंग घट्ट धरणारी बकेट सीट, दोन्ही खांद्यांवरून येणारा फोर-पॉइंट बेल्ट, रोल केज म्हणजे छत चेपू नये म्हणून आत पाइपांचा सांगाडा. गाडी खाली बसवायला लोअरिंग स्प्रिंग. फ्री-फ्लो एक्झॉस्ट म्हणजे मोकळा सायलेन्सर, इंजिनाला गार हवा द्यायला कोल्ड एअर इनटेक. १५ इंची अलॉय. महिनाभरात संपवतो.

रोहनची आई: बकेट कशाला पाहिजे गाडीत

आण्णा ए-१०१: रोहन, यादी दोनदा वाचली. ब्रेक कुठं आहेत?

रोहन सी-३०२: ब्रेक चांगले आहेत आण्णा. पॅड गेल्या वर्षीच बदललेत.

आण्णा ए-१०१: रंकाळ्याला फेरी मारायला चांगले आहेत. मी काय म्हणतो ते नीट बघ. गाडी आणि तू मिळून हजार किलोच्या वर. ताशी १२० वरून ६० वर आणलीस की ४०० किलोज्यूलच्या वर उष्णता तयार होते. सव्वा लिटर गार पाणी उकळेल एवढी. ती जाते कुठं? बहुतेक सगळी पुढच्या दोन डिस्कमध्ये, कारण ब्रेक मारला की वजन पुढं येतं आणि तुझ्या गाडीला मागं ड्रम आहेत. गावात असा ब्रेक दिवसातून एकदा लागला तर लागला. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत तीन-चार वेळा, आणि मध्ये गार व्हायला वेळ नाही.

आण्णा ए-१०१: साधा पॅड तापला की त्यातला बाइंडर, म्हणजे त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जळायला लागतो, मग तू पाय कितीही दाब, गाडी थांबत नाही. हे तरी कळतं, वास येतो. दुसरं जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ म्हणजे ऑइलची साधी ग्रेड, ती नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळायला पाहिजे, ओलावा धरल्यावर तेच १४० पर्यंत चालतं असं मानक सांगतं. डॉट ४ चं २३० आणि १५५. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीला टेकतं. आधी काही सांगत नाही. तुझ्या गाडीतलं ऑइल कधी बदललंय?

रोहन सी-३०२: टॉप-अप केलंय

आण्णा ए-१०१: टॉप-अप म्हणजे जुन्यात नवीन. सगळं काढून नवीन भर आणि चारही चाकांचं ब्लीडिंग कर, म्हणजे नळीतली हवा काढ. डॉट ४ तरी घाल, ५.१ मिळालं तर बरं, त्याचं २६० आणि १८० आहे. नुसतं ५ लिहिलेला डबा आणू नको, ते सिलिकॉनचं असतं, ह्या सिस्टीममध्ये चालत नाही. आणि रबरी होज वीस वर्षांचे आहेत, ते आधी.

विकी सी-१०४: आण्णा तुम्ही फौंड्रीत होता ना?

आण्णा ए-१०१: शिरोलीला मशीन शॉपला. डिस्कच टर्न केल्यात आयुष्यभर, म्हणून बोलतोय.

पाटील सर बी-१०१: आण्णा, तुम्ही त्याला थांबवताय की शिकवताय हे कळेना.

आण्णा ए-१०१: सर, थांबवून ऐकेल असं वाटतंय तुम्हाला?

ॲडव्होकेट ताई ए-४०१: उशिरा वाचतेय. रोहन, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघ. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलंय. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुझ्या यादीत बदल किती आहेत मोज. आणि विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा वाच. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, हे त्यातून वगळलेलं असतं. ट्रॅकवर भिंतीला घातलीस तर खर्च घरचा.

रोहनची आई: भिंत असते तिथं?

विकी सी-१०४: काकू बाहेरच्या बाजूला टायर लावलेले असतात मऊ मऊ

रोहन सी-३०२: ताई, पण गाडी फक्त ट्रॅकवरच वापरायची असेल तर?

ॲडव्होकेट ताई ए-४०१: मग रस्त्यावर तिचं एकही चाक फिरता कामा नये. ट्रेलर किंवा फ्लॅटबेडवरून न्यायची. कायमची वापराबाहेर काढायची तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. अर्धी रस्त्याची, अर्धी ट्रॅकची असा प्रकार कायद्यात नाही.

आण्णा ए-१०१: कायदा सोड, शरीरालाही तो प्रकार झेपत नाही. रोल केजचंच घे. ट्रॅकवर डोक्यात हेल्मेट असतं. तेच केज घेऊन तू राजारामपुरीत दूध आणायला गेलास आणि मागून कोणी ठोकलं, तर पहिलं तुझं डोकं त्या पाइपवर. स्टीलचा पाइप कानापासून चार बोटांवर. गाडी वाचेल, तू नाही.

रोहन सी-३०२: मग केज नको, फक्त फोर-पॉइंट बेल्ट?

आण्णा ए-१०१: ते तर अजून वाईट. साधा बेल्ट गाडी उलटताना तुला बाजूला कलू देतो. फोर-पॉइंट सरळ बांधून ठेवतो. छत खाली आलं की मग मान कुठं जाणार? शिवाय दोन पायांमधून येणारा पाचवा पट्टा नसला तर समोरून धडकल्यावर कमरेचा पट्टा वर पोटावर सरकतो. हार्नेस म्हणजे हा असला बेल्ट, बकेट सीट, केज हे तिन्ही एकत्र येतात नाहीतर येत नाहीत. कंपनीची सीट आणि कंपनीचा बेल्ट हा जोड नीट विचार करून बनवलाय, तो अर्धा मोडू नको.

विकी सी-१०४: केज उद्यमनगरात दोन दिवसात वाकवून देतील की

आण्णा ए-१०१: वाकवून कोणीही देईल. नळाचा जीआय पाइप आणून वाळू भरून वाकवला की दिसायला केजच दिसतो. एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना, तिच्या नियमात मुख्य कमानीला कोल्ड-ड्रॉन सीमलेस, म्हणजे गार ओढलेला बिनजोडाचा पाइप लागतो, ४५ मिमी व्यासाला अडीच मिमी जाडी किंवा ५० ला २. पाया पत्र्याला नुसता चिकटवायचा नाही, खाली किमान ३ मिमीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट. बेंडला सुरकुती दिसली तर तो पाइप बाद. असं काम करणारी माणसं शिरोलीत, गोकुळ शिरगावात आहेत, पण तू घाईत आहेस आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला कोणी वेल्ड एक्स-रे करून देत नाही.

रोहन सी-३०२: मग आण्णा माझ्या यादीतलं काय उरलं?

आण्णा ए-१०१: जेवून सांगतो.

रविवार, सकाळ

आण्णा ए-१०१: रोहन. पहिल्या वेळेला गाडी जशी आहे तशी ने. सीट परत लाव, सायलेन्सरला हात लावू नको. ८७ अश्वशक्तीची गाडी आहे, एक्झॉस्टनं जी काय दोन-तीन वाढेल ती तुला नव्हे, बी-२०३ च्या बाळाला जाणवेल. नवीन ब्रेक ऑइल, होज, चांगले पॅड, मागच्या ड्रममधले ब्रेक शू. इंजिन ऑइल बदलून वरच्या खुणेला ठेव, लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पंपाला हवा मिळते. कूलंट, रेडिएटरच्या नळ्या, रेडिएटरचं झाकण. ह्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, कधी बदलला हे सांगता येत नसेल तर बदल. व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश. हे सगळं घरी होतं. ह्यातलं काहीच इन्स्टावर टाकण्यासारखं नाही, हे मला माहीत आहे.

रोहन सी-३०२: आणि टायर? १६५/८० आर १४ आहेत, सहा वर्षांचे.

आण्णा ए-१०१: पैसे घालायचे तर तिथं घाल. अलॉयवर नाही, रबरावर. सहा वर्षांत रबर कडक होतं, नक्षी कितीही दिसू दे. प्रेशर गार असताना मोज, सेशन करून आल्या आल्या परत मोज, गरम झाल्यावर किती वाढलं ते वहीत लिही. पुढच्या चाकांचा बाहेरचा काठ जास्त झिजलेला दिसेल, कारण पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात नाक बाहेर टाकते. लोअरिंग स्प्रिंगपेक्षा कॅम्बर-टोचं, म्हणजे चाकांच्या कलाचं आणि रोखाचं, अलाइनमेंट नीट करून घेतलंस तर जास्त फरक पडेल.

विकी सी-१०४: आण्णा तुम्ही स्वतः पळवली काय कधी

आण्णा ए-१०१: नाही. पळवणाऱ्यांच्या मोडलेल्या गाड्या बघितल्यात.

पाटील सर बी-१०१: कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांचा, ट्रॅक आहे. चेन्नई-कोइम्बतूर करण्याआधी तिथे चार रविवार घालवले तर काय बिघडेल? ब्रेक कुठे मारायचा हे तिथेही शिकता येतं, आणि गाडी दुसऱ्याची असते.

आण्णा ए-१०१: सर, हे एकदम बरोबर बोललात.

पाटील सर बी-१०१: तरी माझा विरोध आहे. नोंद घ्यावी.

सेक्रेटरी: नोंद घेतली. आता पार्किंगबद्दल. पेट्रोलचा कॅन गाडीजवळ दिसला. वर माणसं राहतात.

रोहन सी-३०२: काका, टाकी रिकामी केली होती. आज उचलतो.

आण्णा ए-१०१: आजच उचल. ग्राइंडरची ठिणगी कुठंही जाते. २ किलोचा एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन गाडीजवळ ठेव, पुढं तोच घट्ट बसवून ट्रॅकला जाईल. आणि काल तू गाडीखाली होतास तेव्हा खाली नुसता जॅक होता. जॅक उचलायला असतो, धरायला नाही. दोन्ही बाजूला घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय खाली जायचं नाही. माझ्याकडे जोडी आहे.

रोहनची आई: रोहन

रोहनची आई: फोन उचल

वहिनी बी-२०३: आणि काळं ऑइल कुठं टाकणार? मागच्या वेळी कोणीतरी गटारात ओतलं होतं. ते सगळं जयंती नाल्यातनं पंचगंगेत जातं.

रोहन सी-३०२: ते मी नव्हतो वहिनी. जुन्या डब्यात भरून गॅरेजला देतो, ते रिसायकलवाल्याला देतात. ब्रेक ऑइल वेगळ्या डब्यात.

विकी सी-१०४: मी पण नव्हतो

वहिनी बी-२०३: तुला कोणी विचारलंय?

सेक्रेटरी: ठरवूया. काम फक्त शनिवार-रविवार, सकाळी १० ते १. ग्राइंडर आणि वेल्डिंग सोसायटीत नाही. जिन्याखालचा रस्ता आजच मोकळा. एक्स्टिंग्विशर आल्याशिवाय पुढचं काम नाही. कमिटीतल्या दोघांनी होकार दिलाय, पाटील सरांचा विरोध नोंदवलाय.

रोहन सी-३०२: मान्य काका. केज आणि हार्नेस रद्द. सीट परत लावतो. डांबराचे पॅड मात्र निघालेत, ते परत लागणार नाहीत.

विकी सी-१०४: म्हणजे आता गाडी पत्र्याच्या डब्यागत वाजणार. कसे काढलेस?

रोहन सी-३०२: ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ठेवला की डांबर ठिसूळ होतं, मग हातोडीनं सुटतं. दारं उघडी ठेवून केलं, तो गॅस साठतो म्हणून.

ॲडव्होकेट ताई ए-४०१: हेल्मेट दुचाकीचं नेऊ नकोस असं भावाकडून ऐकलंय.

रोहन सी-३०२: हो ताई, कारसाठी एसए रेटिंगचं वेगळं येतं, त्याचं अस्तर आगीला टिकतं. ते आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे.

आण्णा ए-१०१: अजून दोन राहिलं. सेशन संपलं की शेवटची फेरी ब्रेक न मारता हळू मारायची, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव. आणि प्रत्येक सेशननंतर चाकाचे नट टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, तपास, ८५ न्यूटन-मीटर. पाना घेऊन पायानं उडी मारायची नाही.

रोहन सी-३०२: टॉर्क रेंच नाहीये माझ्याकडे.

आण्णा ए-१०१: माझा आहे. शनिवारी १० ला खाली येतो, मागचे ड्रम उघडू. ब्रेक क्लीनर आणि जुनी चड्डी-बनियन कापून फडकी आण.

विकी सी-१०४: आण्णा मी पण येऊ का? माझ्या मोपेडचा मागचा ब्रेक लागेना झालाय

आण्णा ए-१०१: किती दिवस?

विकी सी-१०४: दिवाळीपासून

आण्णा ए-१०१: चावी आत्ता वर आणून दे. शनिवारपर्यंत चालत जा.