ऋतुजाच्या व्हिसाचं काय करावं: ‘औशाचं घर’ ग्रुपवरची चर्चा

बालाजी दादा (लातूर): सगळ्यांना नमस्कार. आमच्या ऋतुजाला पाचवा महिना लागलाय, हे सगळ्यांना माहीत आहेच. जावई ओंकाररावांनी लग्न झाल्या झाल्या तिला कायमचं अमेरिकेत नेण्यासाठी तिकडं अर्ज टाकलाय, पण तो कधी निघेल काही सांगता येईना. इथले एक एजंट म्हणायलेत, तोवर व्हिजिटर व्हिसा काढू, बाळंतपण अमेरिकेतच होऊ द्या, लेकरू जन्मतःच तिथलं होईल. पैसे भरायच्या आधी घरच्यांना विचारावं म्हटलं.

मंगल आत्या (अंबाजोगाई): बालाजी, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. परक्या मुलखात तिचं डोकं कोण धुणार, लेकराला शेक कोण देणार?

दिगंबर काका (नांदेड): अक्का, तुझं खरंय, पण लेकराचं पुढचंही बघावं लागतंय. तिकडं जन्मलं की नागरिकत्व पक्कं. इथं जन्मलं तर त्याच्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज, वेगळी रांग. एकदा हुकलं की हुकलं.

प्रज्ञा (डॅलस): दादा, एजंटला एक रुपयाही देऊ नका. आत्ताच उठून वाचलं.

काका, नागरिकत्वाचं तसं नाही. ओंकार स्वतः अमेरिकन नागरिक आहे. नवराबायकोत एक जण नागरिक असेल तर लेकरू कुठंही जन्मो, ते जन्मापासून अमेरिकन. अट एवढीच, की त्या नागरिक आईनं किंवा बापानं जन्माआधी एकूण ५ वर्षं अमेरिकेत काढलेली असावीत आणि त्यातली किमान २ वयाच्या १४ नंतरची असावीत. ओंकार तिसरीपासून न्यू जर्सीत वाढलाय. म्हणजे लातूरच्या दवाखान्यात झालेलं बाळही तितकंच अमेरिकन. वेगळी रांग नाही. ज्यासाठी ही सगळी धावपळ चाललीय, ते बाळाला बापाकडून मिळणारच आहे.

दिगंबर काका: आणि ट्रम्पनं काढलेल्या त्या आदेशाचं काय? टीव्हीवर तर म्हणत होते की तिथं जन्मूनही मिळणार नाही.

प्रज्ञा: तो २० जानेवारी २०२५ चा आदेश. आई तिथं बेकायदा राहतेय किंवा तात्पुरत्या व्हिसावर आहे, आणि बाप नागरिकही नाही, ग्रीन कार्डवालाही नाही, अशा लेकरांबद्दलचा आहे. आपल्या बाळाचा बाप नागरिक आहे. तो विषय आपल्याला लागूच नाही.

अनिता वहिनी (लातूर): प्रज्ञा, एजंट अजून एक म्हणला. फॉर्ममध्ये ओंकाररावांच्या अर्जाचं लिहू नका, आणि मुलाखतीला ढगळ ड्रेस घालून जा. ऋतुजा तेव्हापासून नीट जेवायली नाही.

प्रज्ञा: वहिनी, हे वाचून अंगावर काटा आला. थोडं लांबलचक लिहिते, पण सगळ्यांनी वाचा.

व्हिजिटर व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का. ओंकारनं बायकोसाठी केलेला अर्ज, म्हणजे आय-१३०, अमेरिकन सरकारकडंच नोंदलेला आहे. तिथं ‘नाही’ लिहिलं तर ते लपत नाही. आणि महत्त्वाच्या गोष्टीत खोटं बोलून व्हिसा मागितला असं ठरलं, तर त्या माणसाला कायमची प्रवेशबंदी लागू शकते. मग तिचा बायको म्हणून मिळणारा खरा व्हिसाही अडकतो. त्यातून सूट मागता येते, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा खर्च, आणि मिळेलच असं नाही. चार महिन्यांच्या सोयीसाठी सगळ्या संसाराची वाट अडवून ठेवायची का?

दुसरं. २४ जानेवारी २०२० पासून तिथं नियम आहे की मुलाला नागरिकत्व मिळावं म्हणून बाळंतपणाला यायचं, एवढ्यासाठी व्हिजिटर व्हिसा द्यायचा नाही. मुक्कामात बाळंतपण होईल असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो हाच हेतू धरून चालतो, आणि तसं नाही हे आपल्याला पटवावं लागतं. व्हिसा मिळाला तरी विमानतळावरचा अधिकारी परत पाठवू शकतो. सातव्या-आठव्या महिन्यात, एवढ्या लांबच्या प्रवासानंतर, एकटी. विचार करा.

मंगल आत्या: नको गं बाई.

दिगंबर काका: म्हणजे गरोदर बाईनं अर्जच करायचा नाही का? नवऱ्याला भेटायला जायचं म्हणलं तर?

प्रज्ञा: करता येतो काका, मनाई नाही. खरं सगळं लिहायचं, पंधरा दिवस भेटून परत यायचं असेल तर तसं सांगायचं. पण नवरा तिथला नागरिक, कायमचा अर्ज चालू, म्हटल्यावर ‘ही परत येणार’ हे पटवणं फार अवघड जातं. कायदा आधीच धरून चालतो की अर्जदार राहायलाच चाललाय, उलट सिद्ध करायचं ते आपण. १८५ डॉलर फी नकार मिळाला तरी परत येत नाही. खरं बोलून नकार मिळाला तर मोठ्या अर्जाचं काही बिघडत नाही, एवढं मात्र आहे.

खर्चाचंही बघा. पाहुण्यांसाठीचा प्रवास विमा आधीपासूनच्या गरोदरपणाचा खर्च सहसा देत नाही. तिथलं साधं बाळंतपणही हजारो डॉलरचं असतं, सिझेरियन झालं तर विचारूच नका.

ओंकार (न्यू जर्सी): प्रज्ञाताई, हे सगळं मला पटतं. मी पप्पांना एजंटकडे जायला सांगितलं नव्हतं. पण मला ती इथे हवी आहे, हे खरं आहे. प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट मी फोटोवरून वाचतो. पहिल्यांदा बाळ हललं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. अर्ज लवकर निघावा म्हणून काही करता येतं का?

प्रज्ञा: ओंकार, लवकर निकाल द्या अशी विनंती करता येते. डॉक्टरांचं पत्र जोडून, कारण नीट लिहून करा. नुसतं गरोदर असणं पुरेलच असं नाही, तिच्या तब्येतीची काही अडचण असेल तर ती कागदावर आणा. मान्य करणं त्यांच्या हातात.

आणि केस गरोदरपणातच पुढं सरकली तर एक लक्षात ठेवा. व्हिसाच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतो. तो बाळंतपणानंतर काढायला मागता येतो. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी गरोदरपणात देत नाहीत. मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं, घाई करायची नाही.

ऋतुजा: मी सगळं वाचतेय. ताई, मला व्हिसाच्या त्या खिडकीसमोर उभं राहून खोटं बोलायचंच नव्हतं, पण पप्पांनी एवढं मनावर घेतलं होतं की बोलता येईना. मला बाळंतपण इथंच करायचंय, आईजवळ. फक्त ओंकार त्या वेळी इथं हवा. तेवढं झालं तर मला बाकी कशाची घाई नाही.

ओंकार: मी येतो. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, व्हिसाची अडचण नाही. इथल्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, बिनपगारी, पण नोकरी टिकते. आजच एचआरला लिहितो.

बालाजी दादा: ओंकारराव, हे वाचून जीव भांड्यात पडला. पगाराचं बघू आपण. एजंटला उद्या नाही म्हणून कळवतो.

मंगल आत्या: डोहाळजेवणालाच या जावईबापू, निदान त्या आठवड्यात.

प्रज्ञा: आता बाळ झाल्यावरचं सांगते, म्हणजे तेव्हा पळापळ नको. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, महानगरपालिकेत. दवाखान्यातून जाणाऱ्या कागदावर आईबापाची नावं पासपोर्टवर आहेत तशीच द्या. ओंकारच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये नाही, आपल्याकडं सवयीनं घालतात, ते होऊ देऊ नका. नंतरची दुरुस्ती फार त्रासाची.

मग मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद आणि बाळाचा पासपोर्ट, दोन्ही एकदम. बाळाला सोबत न्यावं लागतं. ओंकारनं शाळा-कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट्स आत्ताच मागवावीत, ५ वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात. नुसता पासपोर्ट चालत नाही.

बाळाचा भारतीय पासपोर्ट काढू नका. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. आणि बाळाच्या अमेरिकन पासपोर्टवर भारताचा व्हिसा नसणार, म्हणून देश सोडायच्या आधी एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या सरकारच्या कार्यालयाकडून, एक्झिट परमिट घ्यावं लागतं, ऑनलाइन अर्ज असतो. हे माहीत नसल्यानं लोक विमानतळावर अडकतात.

दिगंबर काका: प्रज्ञा, तुझं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. महानगरपालिकेतलं काम माझ्याकडं द्या, मी चार दिवस लातूरला येऊन थांबतो. नावं कशी लिहायची तेवढं ओंकाररावांनी पासपोर्टचा फोटो टाकून कळवावं.

अनिता वहिनी: फोटो ग्रुपवर नको भावजी, तुमच्याच नंबरवर पाठवायला सांगते. ऋतुजा आत्ताच भाकरी मागून जेवली.