आम्हाला मॅनेजमेंट येत नाही म्हणे!

रबाळेचा लेथवाला
शाळेच्या ग्रुपवर काल एका वर्गमित्राची पोस्ट आली. मथितार्थ असा: "लहान कारखानदार भांडवल नाही म्हणून रडतात, पण खरा दुष्काळ शिस्तीचा आहे. तारापूरच्या कापड गिरण्यांवरच्या संशोधनात हे सिद्ध झालंय. सल्लागार आले, पाच महिने बसले आणि उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कर्ज मागण्याआधी आपला गाळा झाडून घ्या." खाली पंधरा अंगठे. ग्रुपवर उत्तर दिलं की ॲडमिन 'वाद नकोत' म्हणतो, म्हणून इथे लिहितोय.

तो अभ्यास मी वाचलाय, पुतण्याने काढून दिला. निकोलस ब्लूम आणि मंडळींचा, २०१३ साली छापून आलेला. तारापूर-उंबरगावकडच्या १७ कंपन्या, २८ कारखाने. कंपनीमागे सरासरी २७० कामगार! माझ्याकडे कोण? मी, दोन ऑपरेटर, एक हेल्पर आणि गणपतीला गावी गेला की दिवाळीनंतर उगवणारा वेल्डर. त्या गिरण्यांना जो सल्ला फुकट मिळाला, त्याचा बाजारभाव अडीच लाख डॉलर. तेवढे पैसे माझ्यावर कुणी खर्च केले तर गाळा झाडेनच, वर रोज रांगोळी काढेन.

आता माझं रडगाणं. कळंबोलीचा लोखंडी बार विकणारा गाडी भरायच्या आधी पैसे मागतो. माल गेला की कंपनी ६० दिवस म्हणते, मग ९०, मग 'साहेब रजेवर आहेत'. दरम्यान वीस तारीख येते आणि त्याच बिलावरचा जीएसटी मी खिशातून भरतो. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट गळ्याशी. यात मी नक्की काय मॅनेज करायचं? साहेबांची रजा?

घोडबंदरी
पोस्ट माझीच. बाक एक होता आपला, ग्रुपवर बोलायचं होतंस.

२७० माणसांत खरं ठरलं ते पाच माणसांत खोटं कसं ठरेल? उलट तिथे तर पैसा होता, तरी सूत कुठलं किती पडलंय याची धड नोंद नव्हती. यंत्र बंद पडलं की मग दुरुस्ती. मालकांचं म्हणणं, आमचा माल शेजाऱ्याच्या मालाइतकाच बरा आहे, मग दोष मोजायचे कशाला! स्टॉक, देखभाल, दोषांची नोंद अशा ३८ साध्या पद्धती होत्या. त्यातल्या जमतील तेवढ्या लावल्या, बस.

आणि दिवाळीत मी तुझ्याकडे आलो होतो. चौदा-पंधराचा पाना शोधत तुझा हेल्पर वीस मिनिटं फिरत होता. लेथ उभा. तेवढ्यात आपले दोन कटिंग पिऊन झाले. त्या वीस मिनिटांवर व्याज कोण लावणार?

रबाळेचा लेथवाला
पाना शेजारच्या गाळ्यात गेला होता. शेजारधर्म तुमच्या टॉवरमध्ये नसतो, त्याला मी काय करू.

वागळे इस्टेट जुना
दोघांनाही. अभ्यासाचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. तेच संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. मॅनेजर बदलला, की त्याच्याबरोबर शिस्तही गेली.

आमच्याकडेही एक सल्लागार येऊन गेले होते. जपानी शब्दांचे पाच फलक भिंतीवर लावले. चार महिन्यांनी त्यातल्या एकाच्या मागे पालीची अंडी सापडली. फी मात्र आगाऊ घेतली होती, हे मॅनेजमेंट शिकण्यासारखं!

लेथवाल्याचा मुद्दा खरा आहे. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवस लिहिलेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. चाळीस वर्षं जॉबवर्क केलं, हे व्याज मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय.

घोडबंदरी
काका, निम्म्या बंद पडल्या हे बरोबर. पण ज्यांना सल्ला मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ते कारखाने तेव्हाही पुढेच होते, हे त्याच पानावर आहे. अर्धाच पेपर वाचायची सवय दिसते इथे.

वागळे इस्टेट जुना
बाळा, मी पेपर वाचत होतो तेव्हा घोडबंदरला रात्री रिक्षा मिळत नव्हती.

खारघरची सीए
काका, ४५ दिवस हे लेखी करार असेल तरच. करार नसेल तर १५. आणि आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ज्या वर्षी देतील त्याच वर्षी कंपनीला तो खर्च दाखवता येतो. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. लेथवाले, तुम्ही उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) बिलावर छापता का? माझे निम्मे क्लायंट छापत नाहीत आणि मग माझ्यापुढे येऊन रडतात.

रबाळेचा लेथवाला
ताई, छापतो. ठळक अक्षरात छापतो. त्याचं फळ ऐका. २०२४ च्या मार्चमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्यातून फोन. "तुमचं ते उद्यम रद्द करून टाका ना, आमच्या ऑडिटला त्रास होतो." मी म्हटलं, नाही करत. एप्रिलपासून त्यांची ऑर्डर निम्म्यावर. गाळ्याच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी कापून ठेवलेले बार अजून आहेत, वर गंज धरलाय. सांगा, हे ३८ पैकी कितव्या पद्धतीत बसतं?

महापे खरेदी
खरेदी खात्यात बावीस वर्षं काढली, आता शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. सगळे व्हेंडर बिचारे आणि आम्ही राक्षस, हे चित्र पुरे झालं. चलानवर ५००, मोजले तर ४८६. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर जुना, दर नवा. मटेरियल सर्टिफिकेट 'उद्या पाठवतो'. अशा बिलावर मी सही केली तर माझी नोकरी जाईल, तुमचे पैसे नाही. निम्मी 'थकलेली' बिलं मुळात चुकीची असतात.

रबाळेचा लेथवाला
आणि उरलेली निम्मी?

महापे खरेदी
उरलेल्या निम्म्यांचं फायनान्सला विचारा. आमच्या हातात चेकबुक नसतं.

वागळे इस्टेट जुना
बघा! हेच ते. खरेदीवाला म्हणतो फायनान्स, फायनान्स म्हणतं स्टोअर्सची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, आली नाही, आणि स्टोअर्सवाला जेवायला गेलेला. १९९६ साली एका कंपनीच्या गेटवर सलग तीन शनिवार बसलो होतो. चौथ्या शनिवारी वॉचमनच मला चहा आणून देऊ लागला. त्या पैशांत मुलीचं बारावीचं क्लासचं भरायचं होतं. बायकोच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. आणि हे म्हणतात चलानवर ४८६.

महापे खरेदी
काका, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण ४८६ ला मी ५०० म्हणणार नाही.

खारघरची सीए
जीआरएनचं सांगते, कारण ही पळवाट सर्रास चालते. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकाराचा धरतात. स्टोअर्सवाला महिनाभर जेवत बसला तरी मुदत थांबत नाही. त्यामुळे १४ नग कमी असतील तर पंधरा दिवसांच्या आत तसं लिहून कळवा, मग खुशाल भांडा.

महापे खरेदी
हे मान्य. आमच्याकडे तसं होत नाही, हेही मान्य. खूश?

तुर्भ्याचा व्यापारी
आमच्याबद्दल कोण बोलणार? मी हार्डवेअर विकतो. उद्यम नोंदणी आमचीही होते, पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. उशिरा पैसे दिले तर व्यापाऱ्यासाठी ते ४५ दिवस नाहीत की व्याज नाही. कारखानदार माझ्याकडून तीन-तीन महिने उधार नेतो आणि इथे येऊन कंपनीच्या नावाने गळा काढतो. लेथवाले, तुम्हाला नाही म्हणत. पण तुम्हालाही म्हणतोय.

रबाळेचा लेथवाला
इन्सर्टचे (लेथच्या कटिंग पात्यांचे) पैसे सोमवारी मिळतील.

तुर्भ्याचा व्यापारी
मी कुठे नाव घेतलं?

खारघरची सीए
😂 व्यापाऱ्यालाही तक्रारीची सोय असती तर दोघंही एकाच खुर्चीसाठी भांडले असते. आणि थकलेल्या पैशांच्या सरकारी पोर्टलबद्दल: तक्रार राज्याच्या लघुउद्योग परिषदेकडे जाते, कायद्याने ९० दिवसांत निकाल लागायला हवा. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर यापेक्षा दणकट कायदा मिळणार नाही.

वागळे इस्टेट जुना
कागदावर. आणि तक्रार केली की पुढची ऑर्डर कोण देणार? तुमची परिषद?

खारघरची सीए
याला माझ्याकडे उत्तर नाही. माझे स्वतःचे तीन क्लायंट याच कारणासाठी तक्रार करत नाहीत. ट्रेड्स (बिलांवर आधी पैसे देणारा ऑनलाइन मंच) वापरा एवढंच सांगू शकते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. बिल तिथे चढलं, कंपनीने मान्य केलं, की बँका बोली लावून पैसे आधी देतात.

महापे खरेदी
'कंपनीने मान्य केलं की.' ताई, तुम्हीच म्हणालात हं.

घोडबंदरी
धागा मॅनेजमेंटवर होता, वसुलीवर पोचला. एक विचारतो. भांडवल हाच प्रश्न असता तर कर्ज मिळाल्यावर लोक वर यायला हवेत ना? हैदराबादच्या १०४ वस्त्यांमधला बॅनर्जी-डफ्लो यांचा अभ्यास बघा. वस्तीत लघुकर्ज आलं, पण घराचा एकूण खर्च वाढला नाही. धंदा आधीपासून होता त्यांनी थोडी गुंतवणूक वाढवली, इतकंच.

कळव्याची गटवाली
इथे सगळे गाळ्याचं बोलताय म्हणून गप्प होते. दादा, हैदराबादचं सांगितलंत, आता कोलकात्याचं ऐका. तिथे लघुकर्ज घेतलेल्या काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी आणि काहींना दोन महिन्यांनी, एवढाच फरक ठेवला होता. दोन महिने मिळालेल्यांनी जास्त धंदे सुरू केले, पुढे त्यांची कमाईही जास्त निघाली. बुडवणारेही वाढले, ते लपवत नाही.

मी चकल्यांचं काम करते. भाजणीचं धान्य आणलं, धुतलं, वाळवलं, दळून आणलं, चकल्या दुकानात ठेवल्या, दुकानदाराने विकल्या, मग पैसे. यात महिना जातो. वसुलीवाला मात्र पुढच्या मंगळवारी दारात. म्हणून पहिला हप्ता मी कर्जाच्या पैशातूनच बाजूला काढून ठेवते. मग कर्ज मिळालं किती म्हणायचं? पैसा किती हे सगळे मोजतात, कधी परत मागितला हे कुणी मोजत नाही.

रबाळेचा लेथवाला
ताई, माझ्या दीड पानात जे नीट आलं नाही, ते तुम्ही चकलीत सांगितलंत.

घोडबंदरी
ठीक. हप्त्याचा मुद्दा घेतला. बाकी माझं मत तेच.

पाचपाखाडीची लेक
तारापूरच्या अभ्यासातली एक गोष्ट तुम्ही दोघांनीही गाळलीत. गिरणी किती मोठी होणार हे कशावर ठरत होतं? घरात कामाला येतील असे पुरुष किती, यावर. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, चोरी करेल ही भीती, कोर्टात गेलं तर निकाल कधी लागेल माहीत नाही. म्हणून भाऊ, मुलगा, पुतण्या. भाऊ संपले की कारखाना वाढायचा थांबला.

माझ्या बाबांचं वर्कशॉप होतं. मी मेकॅनिकल डिप्लोमा केला, सुट्टीत व्हर्नियर धरून रिजेक्शन वेगळं काढायचे. बाबा सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. आजारी पडले तेव्हा किल्ल्या चुलतभावाकडे गेल्या. त्याला मायक्रोमीटर उलटा दिला असता तरी कळलं नसतं. चार वर्षांत मशीनं भंगारात, गाळा भाड्याने. भांडवल होतं, गिऱ्हाईक होतं, पैसेही वेळेवर येत होते. तर काका आणि दोन्ही दादा, तुमच्या भांडणात हे कुठे बसवायचं तेवढं सांगा.

वागळे इस्टेट जुना
पोरी, त्या काळी तसंच होतं. लेकीला तिथल्या माणसांत कसं बसवणार, हाच विचार बापाच्या मनात.

पाचपाखाडीची लेक
२०१४ काका. 'त्या काळी' नाही. आणि त्या माणसांनीच मला टर्निंग शिकवलं होतं.

वागळे इस्टेट जुना
माझ्या मुलीने बारावीनंतर कॉमर्स घेतलं. तिला विचारलंच नव्हतं मी, वर्कशॉप बघशील का म्हणून. हे आत्ता, तुझं वाचून लक्षात आलं. राहू दे.

महापे खरेदी
ताई, सध्या काय करता? उपरोधाने नाही विचारत. आमच्याकडे व्हेंडर क्वालिटीला मायक्रोमीटर सरळ धरणारं माणूस मिळत नाहीये.

पाचपाखाडीची लेक
पुण्यात क्वालिटीतच आहे. व्हेंडरची बिलं अडवते. 🙂

रबाळेचा लेथवाला
घ्या! घरचा भेदी.

बरं, घोडबंदऱ्या. रविवारी पुतण्याने प्लायवूडवर प्रत्येक पान्याची आकृती काढून फळी भिंतीला ठोकली. तुझं ऐकून नाही, तो आधीपासून मागे लागला होता. आज संध्याकाळी सगळे पाने टांगले, चौदा-पंधराची जागा रिकामी. शेजारच्या गाळ्यातही नाही.

घोडबंदरी
निदान नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. एरवी दिवाळीला कळलं असतं.

रबाळेचा लेथवाला
सापडला. कूलंटच्या टाकीत, तळाला. सोबत सहा इन्सर्ट आणि वेल्डरचा चष्मा.

तुर्भ्याचा व्यापारी
त्या सहाचेही पैसे सोमवारी धरतो.