रानपिंगळा ‘परत आला’ म्हणणाऱ्यांसाठी

सागवानी
काल एका पक्षीप्रेमी समूहातली पोस्ट वाचून डोकं उठलं. रानपिंगळ्याचा झकास फोटो आणि खाली मजकूर: ‘११३ वर्षांपूर्वी नामशेष झालेलं घुबड परत आलं! निसर्ग स्वतःला सावरतो, उगाच गळे काढू नका.’ त्यावर बदामांचा पाऊस.

अहो, परत यायला तो गेला कुठे होता? १८८४ साली डेव्हिडसन नावाच्या साहेबाने खानदेशात मारून कातडं विलायतेला धाडलं, ती शेवटची खात्रीची नोंद. मग कर्नल माइनर्ट्झहागेन या पक्ष्यांची कातडी जमवणाऱ्या ब्रिटिश महाभागाने ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी चिठ्ठी लावलेलं एक कातडं पुढे केलं आणि पुढच्या शोधकांची दिशाच चुकली. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते तपासलं तर निघालं डेव्हिडसनचंच! संग्रहालयातून ढापलेलं, उसवून पुन्हा भरलेलं. ही खोटी नोंद वगळून बाईंनी जुन्या खऱ्या जागा धरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ पक्षी दिसला. भर सकाळी, उघड्या फांदीवर. हा काही रात्रीच बाहेर पडणारा पक्षी नाही.

यात निसर्गाने नेमकं काय सावरलं? एका चोराची चिठ्ठी बाद झाली, एवढंच. शोधायचे कष्ट माणसांनी घेतले आणि श्रेय ‘आपोआप’ला!

आशावादी_बंड्या
ती पोस्ट पुढे ढकलणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे बाण पोचला. पण मालक, शहाद्यानंतर तो मेळघाटात सापडला, यावलला सापडला, २०१४ मध्ये चक्क तानशात, मुंबईच्या दाराशी. २०१८ ला जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. याला सुधारणा नाही तर काय म्हणतात? एक बरी बातमी आली की त्यात खडा टाकायलाच हवा का?

सागवानी
जास्त ठिकाणी शोधला म्हणून जास्त ठिकाणी सापडला. डोक्यावर ठेवलेला चष्मा सापडला म्हणून घरात चष्मे वाढले असं म्हणता का तुम्ही?

खवट_काकू
चष्म्यावरून आठवलं, शोधणारे तिघंही परदेशीच कसे हो? आपले लोक शंभर वर्षं काय करत होते? संमेलनं?

पाणथळ
काकू, अर्धवट माहितीवर पिंक टाकू नका. १९०० नंतर कुणाला न दिसलेला जेरडॉनचा धाविक हा पक्षी १९८६ मध्ये आंध्रात पुन्हा सापडला, तो आपल्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) भरत भूषण यांच्या कामातून. आणि प्रत्यक्ष धरला कुणी? ऐतन्ना नावाच्या गावकऱ्याने, रात्री टॉर्चच्या उजेडात. शास्त्रज्ञांच्या लेखी जो संपला होता, तो तिथल्या लोकांना ठाऊक होता.

खवट_काकू
बरं बाई, एक गुण तुम्हाला. तो धरलेला पक्षी मेला, हे मात्र सोयीस्कर विसरलात.

तळोद्याचा_पोऱ्या
‘तिथल्या लोकांना ठाऊक होता’ इथवर गाडी आलीच आहे तर बोलतो. आमच्या भागात पिंगळा सापडला आणि तेव्हापासून जो येतो तो आम्हालाच सांगतो की तुमच्या नेवाडांमुळे, म्हणजे जंगलात कसलेल्या जमिनींमुळे, पिंगळा संपतोय. माझे मामा पिढीजात कसतात. वनहक्काचा दावा टाकला, ग्रामसभेने मंजूर केला, वरच्या समितीने फेटाळला. कारण लेखी द्यायचं असतं, ते दिलंच नाही. मग अपील कशाच्या विरोधात करायचं? मोठ्ठ्या लेन्सा घेऊन येणाऱ्यांना पिंगळ्याची ढोली बरोबर सापडते. मामांचा बांध कुणाला दिसत नाही.

डेपोवाला
सगळेच पिढीजात का रे भाऊ? वनहक्क कायद्यात कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा लागतो. त्यानंतर तोडलेलं सागवान पण दाव्यांत घुसलंय, हे तुलाही ठाऊक आहे. माझे वडील वनरक्षक होते. तोड अडवायला गेले तर दगड खाल्ले. ज्या झाडांत ढोल्या होत्या त्यांचं काय झालं ते पण लिही की.

तळोद्याचा_पोऱ्या
वडिलांना लागलं त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण दगड मारणारे माझे मामा नव्हते. आणि तुमच्याच खात्याने जुन्या काळी फाडलेल्या दंडाच्या पावत्या हाच आज आमच्याकडचा कब्जाचा पुरावा आहे. तेव्हा गुन्हेगार म्हणून दंड घेतला, आता म्हणता तुम्ही तिथे नव्हतातच! एक काय ते ठरवा.

डेपोवाला
‘तुमच्याच खात्याने’ म्हणजे? मी गॅरेज चालवतो.

आशावादी_बंड्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. घुबड कुठे राहिलं?

सागवानी
बंड्याशेठ, घुबड याच जमिनीवर राहतं, म्हणून तर भांडण आहे. त्याला विरळ सागाचं जंगल लागतं, ढोल्यांची जुनी झाडं लागतात, सरडे-उंदीर लागतात. पोऱ्या, मामांचा प्रश्न खरा असेल, पण नवी तोड होते हे तू अजून मान्य केलेलं नाहीस.

तळोद्याचा_पोऱ्या
होते. काही जण करतात. झालं समाधान? आता तुम्हीही लिहा की ढोलीसमोर ब्लूटूथवर आवाज वाजवून पिंगळ्याला बाहेर काढणारे शहरातून येतात. विणीच्या दिवसांत. फोटोखाली ‘निसर्ग वाचवा’ लिहितात.

पाणथळ
याला बिनशर्त +१. तो मूळ पोस्टमधला ‘झकास फोटो’ कसा काढला असेल, बंड्या?

आशावादी_बंड्या
मला काय माहीत, मी फक्त पुढे ढकलली. ठीक आहे, ‘निसर्ग स्वतःला सावरतो’ हे वाक्य मागे घेतो. ‘काही चिकट लोक निसर्गाचा हिशोब तपासतात’ असं वाचावं. खूश? बदाम मात्र परत मिळणार नाहीत.

खवट_काकू
पोऱ्या, फेटाळल्याचं कारण लेखी मागणारा अर्ज केलाय का मामांनी? पोच घेतली का? माझी हयात गेली महसुलात. तोंडी विचारणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही.

तळोद्याचा_पोऱ्या
दोनदा केला काकू. पोच आहे. उत्तर नाही.

खवट_काकू
मग व्यनि (खाजगी निरोप) कर. आणि डेपोवाल्या, तुझ्या वडिलांना विचार, त्या पावत्यांची स्थळप्रत रेंजमध्ये (वनक्षेत्र कार्यालयात) किती वर्षं ठेवत असत.

डेपोवाला
विचारतो. पण २००५ नंतरच्या तोडीवर मी गप्प बसणार नाही, आधीच सांगतो.