टॅलिनमधल्या जुन्या इमारतीतलं हॉटेल, आईबाबांना झेपेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये आईबाबा आमच्याकडे हेलसिंकीला येतायत, तेव्हा फेरीबोटीने दोन तासांत एस्टोनियातल्या टॅलिनला जाऊन दोन रात्री राहायचा विचार आहे. पिक स्ट्रीटवर थ्री सिस्टर्स म्हणून व्यापाऱ्यांची एकमेकांना चिकटलेली तीन घरं आहेत, १३६२ च्या सुमाराची, आता तिथे बुटीक हॉटेल आहे. बाबांची अख्खी नोकरी मुंबई बंदरात गेली, त्यामुळे जिथे मीठ-धान्याची पोती दोरखंडाने माळ्यावर ओढून घ्यायचे, ती वरची दारं त्यांना दाखवायचीच आहेत मला, आणि फॅट मार्गरेट बुरुजातलं मेरिटाइम म्युझियमही तिथून अगदी चार पावलांवर.

प्रश्न आईच्या गुडघ्यांचा आहे. जुन्या घरातले जिने अरुंद नि उभे असतात, तर लिफ्ट सगळ्या मजल्यांवर जाते का, की लिफ्टमधून उतरल्यावरही खोलीपर्यंत पायऱ्या आहेत? खालची खोली मागून मिळते का? बाथरूममध्ये टब ओलांडून जावं लागलं तर तिला जमणारच नाही. टॅक्सी दारापर्यंत येते ना, कारण बर्फात त्या दगडी रस्त्यावरून बॅगा ओढत तिला चालवायची माझी तयारी नाही. आई अंडंही खात नाही, तर नाश्त्याला काय मिळेल?

कोणी ज्येष्ठांना घेऊन राहिलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, जुन्या शहरातलंच दुसरं सोयीचं हॉटेल माहीत असेल तर तेही चालेल, बुकिंग याच आठवड्यात करायचंय.