मदत हवी आहे : टी.ए.चं जादा ट्रेनिंग आणि कंपनीची रजा (तातडीचं)

चाकणकर८७
सोमवारपर्यंत एचआरला उत्तर द्यायचंय, म्हणून थेट विचारतो. यंदाचं ॲन्युअल ट्रेनिंग झालं. युनिटमध्ये अजून एक महिना करायची संधी आहे, मी साहेबांकडे नावही दिलंय. कंपनी म्हणते महिनाभराची रजा उरलेली नाही, जायचं तर राजीनामा टाकून जा. असं म्हणता येतं का त्यांना? टी.ए.वाल्याला कामावर परत घ्यावंच लागतं ना? कलम माहीत असेल त्याने सांगा, मेलमध्ये टाकतो. देशभक्तीची भाषणं नंतर.

निवांत_नाना
टी.ए. म्हणजे प्रवासभत्ता का?

माजी_हवालदार
नाना, टेरिटोरियल आर्मी. प्रादेशिक सेना. पोटापाण्याचा धंदा सांभाळून फौज. कोल्हापूरला टेंबलाईवर १०९ बटालियन आहे ना, मराठा लाइट इन्फंट्रीची, तसली.
चाकणकर, युनिट अर्बन की प्रोव्हिन्शियल? अर्बनवाल्यांना वर्षाला ३० दिवस, त्यात १४ कॅम्पचे, बाकी परेडी. प्रोव्हिन्शियलला सलग दोन महिने. आणि तुम्ही जवान की ऑफिसर?

चाकणकर८७
दोन महिनेवालं. जवान. याचा कलमाशी काय संबंध?

कायद्याचं_बोला
आहे. दोन महिने गेलात ते कंपनीने कसे दाखवले, बिनपगारी की तुमच्या रजेतून? कलम हवंय तर घ्या: टेरिटोरियल आर्मी ॲक्ट १९४८, कलम ७अ. फौजी सेवेसाठी ज्याला जावं लागलं त्याला मालकाने परत कामावर घ्यायचं. ७ब मध्ये फंडाबिंडाचे हक्क शाबूत. पण मेल टाकण्याआधी वाचा. त्यात शब्द 'जावं लागलं' असा आहे. तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही, तुम्ही स्वतः हात वर केलाय.

माजी_हवालदार
वकीलसाहेब, व्हॉलंटरी ट्रेनिंग ही टी.ए.तली अधिकृत सोय आहे. पोरगा जादा अनुभव घेतोय, गोव्याला नाही चाललेला. माझ्या वेळी अ‍ॅडज्युटंट साहेबांच्या सहीचं पत्र नेऊन टेबलावर ठेवलं, मालक एक शब्द बोलला नाही.

कायद्याचं_बोला
मालक भला होता. त्याला कायद्याने बांधला म्हणत नाहीत. सोय फौजेने दिली आहे, कंपनीने नाही.

पिंपळपार
धोनी २०१९ ला काश्मीरात पंधरा दिवस ड्यूटी करून आला. त्याला कोणी राजीनामा मागितला?

माजी_हवालदार
धोनी ऑनररी लेफ्टनंट कर्नल, २०११ पासून. १०६ पॅरा, तीही टी.ए.चीच बटालियन. त्याने वेस्ट इंडीजचा दौरा सोडला, याची दुसरी पाळी सुटणार आहे. तुलना नको.

सुनंदा_जी
माझ्या भाच्याला टी.ए.त जायचंय, उंची १५९ आहे. चालेल का?

पिंपळपार
ताई, १६० लागते. लटकायला सांगा.

माजी_हवालदार
लटकून उंची वाढत नाही, भलतं काही सांगू नका. ताई, वेगळा धागा काढा, सगळं सविस्तर सांगतो.

सरकारी_पाहुणा
मी सरकारी नोकरीत आहे. आमच्याकडे टी.ए.च्या ट्रेनिंगला रजेचे स्वतंत्र आदेश आहेत, कार्यालयाने कधी अडवलं नाही. खाजगी नोकरी सोडून द्या आणि परीक्षा द्या.

चाकणकर८७
वय ३८. धन्यवाद.
दोन महिने बिनपगारी गेले. पण गेल्या वर्षी मे महिन्यात पेपरात आलं होतं की टी.ए.ला बोलावणार. मग ते आम्हाला लागू नाही का?

कायद्याचं_बोला
ते ६ मे २०२५ चं. लष्करप्रमुखांना टी.ए.च्या नियम ३३ खाली सगळ्यांना बोलावण्याचा अधिकार दिला आणि ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायला, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत घ्यायला, मंजुरी. तुमची बटालियन त्यात असेल आणि तुम्हाला हुकूम आला, तर ७अ लख्ख लागू, एचआरला एक चहा पाजून सांगा. ट्रेनिंगचा महिना त्यात मोजू नका.
पुन्हा विचारतो. कायम आहात की ठेकेदारामार्फत?

माजी_हवालदार
आणि पेन्शनसाठी करत असाल तर थांबा. जवानाला १५ वर्षं लागतात, तीही एम्बॉडीड. ट्रेनिंगचे दिवस जमवून ती भरत नाहीत. आमच्या कंपनीत दोघं याच हिशेबात होते.

चाकणकर८७
पेन्शनसाठी नाही हो. रायफलीचं फायरिंग यंदा धड झालं नाही, पावसाने दोन दिवस रेंज बंद. वर्षभर प्रेस शॉपमध्ये उभा असतो, मला एकदा नीट करायचंय. बस.

निवांत_नाना
हे आधी सांगायचं ना राव.

माजी_हवालदार
मग एक महिना कशाला? साहेबांना सांगा दहा-बारा दिवसांचं बघा. दिवस ठरवून लेखी मागा, नुसतं नाव देऊन काही होत नाही. आणि जाड मोजे दोन जोड न्या, मागच्यांचे फोड बघितलेत मी.

चाकणकर८७
आज फोन केला. हेड क्लार्क म्हणाले बारा दिवसांचं पत्र मिळेल, सोमवारी दुपारपर्यंत. एचआरला तेवढंच कळवलं. 'बघू' म्हणाले, राजीनाम्याचं नाव नाही काढलं. जेवढी उरली आहे तेवढी रजा टाकतो, बाकी बिनपगारी.

कायद्याचं_बोला
'बघू' लेखी घ्या. आणि कायम की ठेकेदारामार्फत, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.